राजाने पुढच्या सीटवर बसू नये

१ जानेवारी, सकाळी

आजपासून रोजनिशी. ही कुणीही वाचायची नाही. पुढेमागे इतिहासकारांनी वाचलीच तर अक्षराबद्दल माफ करावं. पेन जाहिरातीचं, फुकटचं आहे.

त्यांच्या सोयीसाठी: मी सिदी तुहामी, वय बहात्तर, ट्यूनिसच्या राजघराण्याचा वारस. मुक्काम ला मार्सा. तूर्त 'ताज ड्रायव्हिंग स्कूल' चालवतो. शाळेत गाडी एक, शिकवणारा एक. शिकवणारा मी.

राजेशाही बरखास्त झाली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. पण बरखास्त झाली ती देशात. घरात अजून चालू आहे. आमच्यात गादी बापाकडून मुलाकडे जात नाही. अख्ख्या घराण्यात जो पुरुष वयाने थोरला, तो राजा. सध्या सिदी मनूबी राजे आहेत. माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, वय एक्क्याण्णव, बार्दोला तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांच्यानंतर मी. माझ्यानंतर फदल, माझा धाकटा चुलतभाऊ, केमिस्ट.

म्हणजे मला करायचं ते एवढंच. सिदी मनूबी आहेत तोवर थांबायचं आणि फदलच्या आधी मरायचं नाही.

म्हणून संकल्प. सिगारेट बंद. रोज समुद्रावर चालणं. खजूर भरलेली मकरूद बंद, तुपातली तर पूर्णच बंद. आणि राज्यारोहणाचं भाषण लिहून तयार ठेवणं, ऐनवेळी धावपळ नको. विषय: 'आजच्या काळात राजाची गरज काय?'

संध्याकाळी

सिगारेटी दोन. पाकीट गेल्या वर्षीचं होतं, तेव्हा त्या गेल्या वर्षात धराव्यात.

४ जानेवारी

चालायला गेलो. समुद्रावर बंबालोनीवाला नेमका मैद्याची गरमागरम कडी कढईतून काढत होता. साखर नको म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "हाजी, साखरेशिवाय बंबालोनी म्हणजे नुसती तळलेली चप्पल." प्रजेचं मन मोडू नये. साखर घेतली.

परत येताना वारा समोरून होता, म्हणून टॅक्सी.

दोजाला (माझी पत्नी, निवृत्त गणित शिक्षिका) भाषणाचा विषय सांगितला. ती मटार सोलत होती. म्हणाली, "तू राजा झालास की गॅसचं सिलिंडर कोण बदलणार?" मी म्हटलं, तेव्हा तू मला 'सिदना' म्हणशील. आमच्याकडे राजाला सिदना म्हणतात, आमचे स्वामी. ती म्हणाली, "बरं सिदना, सिलिंडर संपलंय."

हे तिने चेष्टेत म्हटलं, त्यामुळे मोजायचं नाही. खरं म्हणेल तेव्हा तारीख इथे लिहीन.

१० जानेवारी

फदल सिदी मनूबींना दर आठवड्याला व्हिटॅमिनचा डबा नेऊन देतो. शिवाय माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, शिवाय गुडघ्याचा मलम. लोक म्हणतात, किती प्रेमळ पुतण्या. मी मूर्ख नाही. त्याचा हिशेब असा: म्हातारा टिकला पाहिजे आणि मध्ये तुहामी उडाला पाहिजे. मग गादी थेट त्याच्याकडे.

आज दुकानात गेलो तर माझंही ब्लड प्रेशर मोजलं. मोजताना चेहरा असा ठेवला होता की काही कळू नये. मग म्हणाला, "जरा वर आहे रे. पण घाबरू नकोस हं, शांत राहा." आणि मला कसल्याही व्हिटॅमिनचा डबा दिला नाही.

संकल्प: शांत राहणं.

१६ जानेवारी

फोन. खुद्द सिदना मनूबी. आवाज खणखणीत, हे प्रथम लिहून ठेवतो. म्हणाले, "पोरा, मला गाडी शिकायची आहे."

मला वाटलं लाईन खराब आहे.

म्हणाले, "आयुष्यभर मला कुणीतरी कुठेतरी नेतंय. पूर्वी सलामीला न्यायचे, आता एक तर दवाखान्यात नेतात, नाही तर कबरस्तानात. दोन्हीकडे लोक म्हणतात, सिदना, बसा. मला एकदा स्वतःचं स्वतः कुठेतरी जायचंय." कुठे ते विचारलं. म्हणाले, "ते मी पोचलो की कळेल."

दोजा म्हणाली, या वयात कसलं ड्रायव्हिंग, सरळ नाही म्हणून सांग. पण राजाज्ञा मोडता येत नाही. शिवाय क्लच, गिअर, रहदारी, हॉर्न, एक्क्याण्णव वर्षांचं हृदय... म्हणजे मी एवढंच म्हणतोय की या वयाच्या माणसावर ताण येतो. यात माझा काही हेतू नाही. तारखेसकट लिहून ठेवतो: हेतू नाही.

२० जानेवारी

पहिला धडा. सिदना वेळेवर खाली आले. लाल शाशिया टोपी, जुब्बा, काठी. मी ड्रायव्हरच्या बाजूचं दार (आमच्याकडे स्टेअरिंग डावीकडे असतं) उघडून उभा राहिलो. ते माझ्यामागून वळसा घालून गेले आणि मागच्या सीटवर उजवीकडे बसले.

आता हे बाहेरच्यांना कळायचं नाही. आमच्या घराण्याचा जुना नियम आहे की राजाने पुढच्या सीटवर बसू नये. पुढे नोकर बसतात. राजा मागे, उजव्या खिडकीशी, काच अर्धी खाली. बग्गी होती तेव्हापासून हे चालत आलंय. माझ्या धंद्यावरून घराण्यात कुजबुज आहे ती याच कारणाने, की गादीचा वारस दिवसभर पुढच्या सीटवर बसतो. मी त्यांना सांगतो, मी अजून वारसच आहे, बसलो तर चालतं.

तर सिदना मागे बसले आणि म्हणाले, "चला."

मी काय करणार? स्टेअरिंगवर बसलो आणि पूर्ण धडा स्वतःच गाडी चालवली. मागून ते सूचना करत होते, "डावीकडे. आता सरळ. त्या बाईला जाऊ दे." घरी सोडलं तेव्हा म्हणाले, "फारसं अवघड नाही रे हे."

२३ जानेवारी

तोडगा काढला, आणि तो माझ्याच डोक्यातून निघाला. दोजाच्या सोफ्यावरची किरमिजी मखमली उशी ड्रायव्हरच्या सीटवर ठेवली आणि सिदनांना सांगितलं की उशी जिथे ठेवली ती गादी, आणि गादी आजपासून इथे आहे. त्यांनी उशी दाबून पाहिली. मग बसले.

दोजाला उशीबद्दल अजून सांगितलेलं नाही.

प्रगती: आरशात बघत नाहीत. म्हणाले, "मागे काय आहे ते बघायला मागे माणूस असतो." इंडिकेटरऐवजी खिडकीतून हात बाहेर काढून हलवतात. हिरवा सिग्नल असताना गाडी थांबवली, कारण पलीकडच्या फुटपाथवरून एका शाळकरी मुलीने हात केला होता. तिने परत हात करेपर्यंत हलायला तयार नाहीत. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. ते खूश झाले. त्यांना वाटलं सलामी आहे.

मला दोन सिगारेटी लागल्या. हा औषधोपचार आहे.

३० जानेवारी

भाषणाला सुरुवात झाली. फार मोठी कल्पना सुचली आहे, आणि ती गाडीत सुचली, म्हणजे धंद्याला नावं ठेवणाऱ्यांची तोंडं बंद.

शिकवणीच्या गाडीत माझ्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. स्टेअरिंग नाही, गिअर नाही, ॲक्सिलरेटर नाही. फक्त ब्रेक. आधुनिक राजा नेमका हाच. देश चालवायचा लोकांनी, त्यांना हवा तसा, वाकडातिकडा. राजाने शेजारी शांत बसायचं, आणि देश भिंतीवर जायला लागला की ब्रेक दाबायचा.

दोजाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आणि भिंतच आली नाही तर?"

तर नुसता पाय ठेवून बसायचं.

"म्हणजे आत्ता घरात करतोस तेच," ती म्हणाली. मग विचारलं, सोफ्यावरची उशी कुठे गेली. मी म्हटलं, राज्यकारभारात.

८ फेब्रुवारी

योजनेला काही प्रमाणात उलटं वळण. (योजना नव्हतीच, पण जी नव्हती तिला.)

सिदना मनूबी तरुण होत चालले आहेत. गालांवर रंग आलाय. धडा संपला की भूक लागते म्हणतात, मग कोपऱ्यावर उभ्या उभ्या हरिसाची तिखट चटणी लावलेलं ट्यूना सँडविच खातात, अख्खं. काठी दोनदा गाडीत विसरले. काल गिअर टाकताना शीळ घालत होते.

फदलकडे गेलो. तो आनंदाने लाल झाला होता. म्हणाला, "तुहामी, तू त्यांच्यावर काय जादू केलीस? त्यांचं प्रेशर तर माझ्यापेक्षा चांगलं आलं! अशी आणखी दहा वर्षं जातील आरामात." मग माझा दंड बाहीतून ओढला आणि पट्टा बांधला. माझं पुन्हा वर. त्याने माझ्या हातावर थोपटलं. फार प्रेमाने थोपटलं.

संकल्प: मीठ बंद. आणि फदलकडे जाणं बंद.

दुपारी मबरूकाचा धडा. ही मासळी बाजारातली विधवा, माझ्याकडेच शिकते आहे, टेस्टमध्ये दरवेळी रिव्हर्सला नापास. मोठ्या गळ्याची बाई आहे. "सिदी तुहामी," म्हणाली, "तुमचं राज्य आलं की पहिलं लायसन्स मला. म्हणजे माझा टेम्पो मी चालवीन आणि माझा दीर तोंडावर पडेल." मी शब्द दिला. पहिला हुकूम मबरूकाच्या नावाने.

१३ फेब्रुवारी

आजचं सविस्तर लिहितो.

रेल्वे फाटकाकडे येत होतो. घंटा सुरू झाली, दांडा खाली यायला लागला. सिदनांनी वेग कमी करायला हवा होता. ते बघत होते पलीकडे. पलीकडे एक माणूस संत्र्यांची गाडी घेऊन उभा होता आणि त्याने टोपी काढली, बहुतेक डोकं खाजवायला. सिदनांनी त्याच्यासाठी हात वर केला आणि पाय होता तिथेच राहिला, ॲक्सिलरेटरवर. आगगाडीचा आवाज डावीकडून येत होता. खूप जवळून.

मी ब्रेक दाबला. दोन्ही पायांनी. गाडी दांड्याच्या इतकी जवळ थांबली की त्याचा लाल रंग काचेवर पडला. आगगाडी गेली. सिदनांची टोपी पुढे काचेवर आपटून त्यांच्या मांडीत पडली. ते म्हणाले, "पोरा, जरा हळू. राजघराण्यातला माणूस असा धसमुसळा नसावा."

ब्रेक का दाबला याचं कारण इतिहासासाठी स्पष्ट नोंदवतो. दाबला नसता तर आम्ही दोघं एकदम गेलो असतो आणि गादी फदलला गेली असती. ते होऊ द्यायचं नव्हतं. दुसरं काही कारण नव्हतं.

घरी आल्यावर दोजाने पाहिलं आणि काही न विचारता साखर घालून चहा दिला. मी तिचा हात धरून बसलो बराच वेळ. थंडी होती.

२६ फेब्रुवारी

टेस्ट.

आधी मबरूका. रिव्हर्समध्ये खांबाला स्पर्श. नापास. खांबाला जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग सिदना. टेस्टला इन्स्पेक्टर पुढे माझ्या जागी बसतो आणि शिकवणारा मागे. म्हणजे मी आज मागे बसलो, उजव्या खिडकीशी, काच अर्धी खाली. राजाची जागा. इतकी वर्षं या जागेचा विचार केला होता. बसल्यावर कळलं की इथून काहीच करता येत नाही. पायाशी ब्रेक नाही, नुसती चटई. मी त्या चटईतून गाडीचा पत्रा वाकवत होतो.

इन्स्पेक्टर नवीन पोरगा, कपाळावर आठ्या. सिदना बैलगाडीच्या वेगाने गेले. प्रत्येक पादचाऱ्यासाठी थांबले. इंडिकेटर दिला, आरशात पाहिलं, मान तुकवली. कुणाला तुकवली देव जाणे, बहुधा आरशाला. गाडी फुटपाथला लावली ती अशी की मध्ये कागद सरकला नसता. इन्स्पेक्टर म्हणाला, "आजोबा, या शहरात दुसऱ्याला आधी जाऊ देणारा मला पहिला माणूस भेटला." आणि पास केलं.

सिदनांनी त्याला हात पुढे केला. चुंबन घेण्यासाठी. पोरगा गोंधळला आणि शेकहँड केला. सिदना मनापासून हसले. तसं हसताना मी त्यांना पूर्वी पाहिलेलं नाही.

मलाही आनंद झाला. शिक्षक म्हणून.

६ मार्च

रोजे सुरू आहेत. दिवसभर सिगारेट नाही, म्हणजे संकल्प पाळला जातोय. सूर्यास्तानंतरच्या सिगारेटी रोज्याच्या खात्यात जातात, संकल्पाच्या नाही. चालणं बंद, कारण रोजा. मकरूद चालू, कारण रोजा.

आज घराण्याची इफ्तार सिदनांकडे होती. रोजा सोडायची तोफ झाली, खजूर झाला, शोरबा झाला. अंडं भरून तळलेल्या ब्रिकचा पहिला घास घेतला, पिवळा बलक हनुवटीवर, तेवढ्यात सिदना उभे राहिले आणि म्हणाले, "आपला नियम आहे, राजाने पुढच्या सीटवर बसू नये. मला पुढे बसायचंय. सबब मी राजा राहत नाही. तुहामी, आजपासून तू."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बलक पुसला. या क्षणासाठी चेहरा तयार ठेवला होता, आरशात सराव केला होता, तो आठवेना.

पहिला बोलला फदल. म्हणाला, "अभिनंदन तुहामी. पण मग ड्रायव्हिंग स्कूलचं कसं? तिथे तू पुढे बसतोस ना?"

मग सिदना, म्हणजे माजी सिदना, म्हणाले, "नियम तर तोच आहे."

मी म्हटलं, शाळा बंद करीन. म्हणून झाल्यावर ऐकू आलं काय म्हटलं ते.

दोजाने ताटात मान घातली ती बराच वेळ वर काढली नाही.

७ मार्च

शांतपणे विचार केला. निर्णय बरोबर आहे. सिंहासनासाठी लोकांनी याहून मोठे त्याग केले आहेत. कुणी डोळे दिले, कुणी भाऊ. मी एक हॅचबॅक देतोय.

माझा जन्म ज्या महालात झाला तिथे आज गोदाम आहे. मला त्यातलं एकच आठवतं, रांगताना गुडघ्यांना लागलेली थंडगार संगमरवरी फरशी. लोक म्हणतात, चार वर्षांचा मुलगा रांगत नाही. असेल. पण फरशी थंड होती. ती माझी होती, आणि ती काढून घेतल्यासारखं मला आयुष्यभर वाटत आलंय. आता बरं वाटायला हवं. वाटेल.

दोजा म्हणाली, "तुला ते काम आवडायचं, तुहामी." मी म्हटलं, कर्तव्य आहे. ती म्हणाली, "सिलिंडर पण कर्तव्य आहे." सिदना म्हणाली नाही. तारीख लिहायची राहिली.

१९ मार्च

गाडी माजी सिदनांनी घेतली. शिकवणीचा बोर्ड काढला. माझ्या बाजूचा ब्रेकही काढावा लागला, खासगी गाडीला दोन ब्रेक ठेवत नाहीत. गॅरेजमध्ये मी समोर उभा होतो. मेकॅनिकने ते पेडल काढून माझ्या हातात दिला, रबर माझ्या बुटाच्या आकाराचं झिजलेलं. ते पॅसेजमध्ये ठेवलंय. दोजा म्हणते, टाकून दे. मी म्हटलं, राजचिन्ह आहे.

मबरूका दुसऱ्या शाळेत गेली होती. काल पास झाली. पहिल्या फटक्यात. मला मुद्दाम फोन करून सांगितलं. "तुमच्यामुळेच हो सिदी तुहामी," म्हणाली. पण हसत होती.

पहिला हुकूम रद्द.

२९ मार्च

ईदची तयारी. ईदच्या दिवशी अख्खं घराणं राजाच्या घरी येतं, रांगेने हाताचं चुंबन घेतं. मी आजवर रांगेत पहिला असायचो. आता रांग माझ्याकडे.

हाताला तीन दिवस व्हॅसलीन लावतोय. नखं कापली. दोजाने मकरूद, बकलावा, काकची गोल बिस्किटं केली, दोन दिवस ओट्याशी उभी होती. खुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवली, उजेड मागून यावा म्हणून. किरमिजी उशी परत मिळाली नाही, ती गाडीत राहिली. दुसरी हिरवी आहे, चालेल.

भाषण पूर्ण. ब्रेकचा भाग फार चांगला झालाय.

३१ मार्च, ईद, सकाळी

सगळी तयारी झाली. जुब्बा इस्त्री केलेला. हात मऊ.

दुपारी

कुणी नाही.

दोजाच्या फोनवरून कळलं ते असं. मनूबी सकाळीच गाडी काढून निघाले. जाताना सगळ्यांना फोन केला, मी समुद्रावर चाललोय, आयुष्यात पहिल्यांदा स्वतः चालवत, ज्याला यायचं त्याने यावं. आणि सगळं घराणं त्यांच्या मागे निघालं, पंधरा-वीस गाड्यांची रांग, बैलगाडीच्या वेगाने, मध्ये कुणी ओव्हरटेक करेना. लोक रस्त्यावर थांबून टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं वरात आहे. 'नंतर तुहामीकडे जाऊच' असं सगळे म्हणाले म्हणे.

म्हणजे त्यांना जायचं होतं ते समुद्रावर. मला वाटलं होतं काही तरी मोठं असेल.

दोजा म्हणाली, "मी फक्त तासाभरात येते रे. त्यांना एकदा बघून येते." मी म्हटलं, जा. राजाने परवानगी द्यावी लागते म्हणून दिली.

राजा ईदला घर सोडू शकत नाही. हात खुर्चीच्या कडेला ठेवून बसलोय. मुंग्या आल्यात.

संध्याकाळी

बेल वाजली. जुब्बा सावरला, हात पुढे केला, 'या' म्हटलं.

फदल. एकटा.

समुद्राची वाळू त्याला सहन होत नाही. आत आला, वाकला, आणि म्हणाला, "सिदना, ईद मुबारक." खरोखर म्हणाला. चेष्टेत नाही. जगात पहिल्यांदा कुणी तरी. तारीख वर लिहिलेली आहेच.

त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि ओठ टेकवले. जरा जास्त वेळ टेकवले. मग लक्षात आलं की त्याची दोन बोटं माझ्या मनगटावर आहेत आणि तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतोय.

"थोडी अनियमित आहे," म्हणाला. "मीठ कमी कर हं, सिदना."

मी त्याला बसवलं आणि मकरूदची आख्खी थाळी पुढे ठेवली. तुपातली. त्याला मधुमेह आहे, हे मला माहीत आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. त्याने एक उचलली, मीही एक उचलली. मग दोघांनी मिळून थाळी संपवली. चांगली झाली होती. फदल म्हणाला, लहानपणी आजीकडे अशीच असायची, आठवतं? आठवत होतं.

भाषण त्याला वाचून दाखवलं. दुसरं कुणी नव्हतंच. ब्रेकच्या भागाला त्याने मान डोलावली, शेवटी टाळ्या वाजवल्या आणि म्हणाला, "एक कॉपी मला देशील? पुढे लागेल."

इतक्यात खाली हॉर्न. लांबलचक, शाही. खिडकीतून पाहिलं तर मनूबी गाडीतून मान काढून ओरडत होते, "तुहामी! फदल! खाली या! सूर्य बुडायच्या आत पोचलं पाहिजे, सगळे थांबलेत!"

राजाने जावं की न जावं यावर मी विचार करत होतो. विचार करत करत जिना उतरलो. गाडीपाशी गेलो आणि चाळीस वर्षं जे केलं तेच हाताने केलं. पुढचं उजवं दार उघडलं आणि बसलो.

मागचं दार लागल्याचा आवाज आला. वळून पाहिलं. फदल मागे बसला होता. उजवीकडे. काच अर्धी खाली करत होता.

"नियम म्हणजे नियम, तुहामी," तो म्हणाला. सिदना नाही. तुहामी.

मनूबी हसत सुटले. "ऐक पोरा," म्हणाले, "आता तू मोकळा झालास." राज्य सहा मार्चपासून चालू होतं ते हॉर्नपर्यंत टिकलं. इतिहासात याहून छोटी झाली असतील. नक्की शोधून काढीन.

गाडी निघाली. फाटक आलं. तेच फाटक. घंटा वाजली, दांडा उतरायला लागला, आणि माझा पाय आपोआप खाली गेला. तिथे काही नव्हतं. पेडलच्या जागी एक रबरी बूच होतं, मी ते दाबून धरलं.

गाडी थांबली. मनूबींनीच थांबवली, हळूच, ब्रेक कधी दाबला ते कळलंही नाही. आगगाडी गेली. "बघितलंस?" म्हणाले. "टोपी हललीसुद्धा नाही."

मी म्हटलं, नाही हलली.

इतिहासकारांसाठी एक दुरुस्ती. तेरा फेब्रुवारीच्या नोंदीत ब्रेक दाबण्याचं जे कारण दिलंय ते खोडावं. फाटकापाशी मला फदल आठवलाच नव्हता. मला फक्त ते दिसत होते, टोपी घालून, हात वर केलेले, खूश.

समुद्र येईपर्यंत मी त्या बुचावरचा पाय काढला नाही.